दोन पोती वाळू

या सदराचे नेहमीचे वाचक मला शब्दांचा माणूस म्हणून ओळखतात. एखाद्या म्हणीचे मूळ कुठले, अमुक शब्द ऱ्हस्व की दीर्घ, असल्या निरुपद्रवी गोष्टींवर मी वर्षभर लिहितो आणि आपण त्या चहाबरोबर गोड मानून घेता. दिवाळी अंकात मात्र जरा मोकळीक असते. म्हणून यंदा चकली-चिवड्याच्या ताटात एक लोखंडी पदार्थ वाढायचे धाडस करतो आहे. विषय आहे जुन्या पिकअप गाडीचे मागचे ब्रेक. हे वाचून कोणी पान उलटणार असेल तर त्यांना एवढेच सांगतो की या हकिकतीत माझी पुरती फजिती झालेली आहे. आणि मराठीच्या प्राध्यापकाची फजिती वाचायला कोणाला आवडत नाही?

गाडी आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. कागदोपत्री ती जीप आहे, १९६५ सालची. अमेरिकेतल्या विलीज कंपनीने १९५३ मध्ये जीपचा जो नमुना काढला, तोच महिंद्रांनी पुढे वर्षानुवर्षे आपल्याकडे बांधला. इंजिन उंच म्हणून बॉनेट उंच. जुनी माणसे तिला ‘हाय बॉनेट’ म्हणूनच ओळखतात. अण्णांनी ती १९७४ साली एका लिलावात घेतली, मागचा भाग कापून टाकला आणि चिपळुणात तिथे लोखंडी हौदा बांधून घेतला. झाली पिकअप. वैशाखात आंब्याच्या पेट्या भरून कुंभार्ली घाट चढायचा, कराडला पेट्या उतरवायच्या आणि गुळाच्या ढेपा भरून घाट उतरायचा, हा त्यांचा व्यवसाय. माझे एम.ए. या गुळावर झाले आहे.

२०२१ साली सरकारने नियम काढला, की नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेली आणि मूळ रूपात असलेली मोटार ‘विंटेज’ म्हणवून घेऊ शकते. मी हे अण्णांना वाचून दाखवले. ते म्हणाले, “म्हणजे मीसुद्धा की!” गाडीला मात्र तो किताब मिळायचा नव्हता, कारण मूळ रूप आम्ही केव्हाच कापून भंगारात घातले होते.

गेल्या वर्षी आषाढात अण्णा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे कराडला आले. एसटीने या म्हटले तर ऐकेनात. गावातला एक मुलगा चालवतो आहे आणि अण्णा शेजारी बसून सूचना देत आहेत, अशा थाटात पिकअप घाट चढून आली. उतरल्यावर तो मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, पुढच्या वेळी मला बोलावू नका. आजोबा बोलतात कमी, पण वळण आलं की पाय दाबतात.”

तो पाय मला ठाऊक होता. अण्णा शेजारच्या आसनावर बसले की प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो, जणू ब्रेक तिथेच आहे. मी अठराव्या वर्षी हीच गाडी शिकलो, तेव्हापासूनचा तो पाय. त्या बाजूच्या रबरी चटईला टाचेएवढे भोक पडले आहे, ते माझ्या शिक्षणाचे प्रमाणपत्र समजावे.

एक डोळा आषाढात, दुसरा श्रावणअखेर, असे डॉक्टरांनी ठरवले. अण्णांची अट एकच. दिवाळीला मी माझ्या घरी, आणि माझ्याच गाडीतून. ते स्वतः आता चालवू शकत नव्हते. गावच्या मुलाने हात जोडले होते. उरलो मी. गाडी आवारात पारिजातकाखाली उभी होती, आणि दिवाळीत अण्णांना बसवून कुंभार्ली उतरायचा होता. मी ब्रेक दाबून पाहिला. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज आला.

मिस्त्रींना बोलावले. हे गृहस्थ पन्नाशीचे, बोलायला मोजके, आणि मला ‘सर’ म्हणताना किंचित हसणारे. त्यांनी मागचे चाक उतरवले आणि ड्रम काढला. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रम म्हणजे जाड लोखंडाची खोल परात, ती चाकाबरोबर फिरते. आत चंद्रकोरीसारखे दोन ‘शू’ असतात; त्यांच्या पाठीवर खरखरीत लायनर बसवलेले असते. पायाने ब्रेक दाबला की हे दोन्ही शू बाहेर फाकतात, परातीच्या आतल्या कडेला घासतात आणि चाक मंदावते. झाला ब्रेक. फ्रान्समध्ये लुई रेनॉने १९०२ साली बसवला तो ड्रमही तत्त्वतः असाच होता.

आमच्या परातीत ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा पडल्या होत्या. लायनर झिजून रिव्हेटची डोकी लोखंडाला लागत होती. मांजर ओरडत होते ते तिथे. मिस्त्रींच्या हाताखालचा पोऱ्या आतली धूळ तोंडाने फुंकणार, तोच मिस्त्री त्याच्या अंगावर ओरडले. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि ती धूळ फुप्फुसात गेली की राहायलाच जाते. ओल्या फडक्याने सगळे पुसून झाले. मग त्यांनी बोटाने ड्रमची जाडी चाचपली. “दोनदा लेथवर लावलाय हा. आता तिसऱ्यांदा नाही लावायचा. पातळ झाला की तापतो लवकर, आणि तापला की फुगतो. ड्रम फुगून शूपासून लांब गेला, की घाटात पाय खाली जातो नि गाडी थांबत नाही.”

हे ऐकून माझ्या पोटात जे झाले, ते वर्णन करायला मराठीत पुष्कळ शब्द आहेत. मी एकही वापरत नाही.

मूळचे ड्रम ९ इंची. छोट्या उघड्या जीपला ते शोभत होते. हौदा नि गुळाच्या ढेपा त्यांच्या नशिबी नंतर आल्या. चार दिवसांनी मिस्त्री बातमी घेऊन आले की पुढच्या काळातल्या मोठ्या जीपचा ११ इंची ड्रमांचा एक जोड मिळतो आहे, शू आणि पाठीमागच्या प्लेटींसकट. मी कागदावर हिशेब केला. शूची रुंदी ९ इंचीला पावणेदोन इंच, ११ इंचीला दोन इंच; म्हणजे घासणारा पट्टा सुमारे चाळीस टक्क्यांनी मोठा. उष्णता पसरायला जागा जास्त, तापणे कमी. शिवाय घासण्याची जागा चाकाच्या मध्यापासून जितकी लांब, तितकी पकड जास्त. विहिरीच्या रहाटाचा दांडा लांब असला की हाताला हलके जाते, तसेच हे. मला फार आनंद झाला. इतका, की मिस्त्रींचे पुढचे वाक्य मी ऐकले नाही.

ते म्हणत होते, “सर, बदलायचे तर चारही बदलू. नाहीतर आधी पुढचे.”

“पुढचे कशाला? पुढचे ड्रम गुळगुळीत आहेत. बोजा मागे असतो, तेव्हा ब्रेक मागेच हवा.”

हे वाक्य मी वर्गात जसे बोलतो तसे बोललो. वर्गात त्यावर कोणी काही म्हणत नाही. मिस्त्रीही काही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त एकदा हौद्यात डोकावून पाहिले, आणि मला वाटले, जागा किती आहे ते पाहत असतील.

हौद्यात त्या वेळी काहीच नव्हते, कारण दोनच दिवसांपूर्वी मी तो स्वच्छ केला होता. त्यात वाळूची दोन पोती असत. मागच्या चाकांच्या बरोबर वर, आडवी टाकलेली, सुतळीने बांधलेली. मला आठवते तेव्हापासून ती तिथे होती. पेट्या भरल्या की अण्णा ती उतरवून ठेवत आणि हौदा रिकामा झाला की पुन्हा चढवत, बहुतेक वेळा माझ्याकडून. लहानपणी मी विचारले होते तेव्हा, “चिखलात चाक रुतलं तर खाली टाकायला,” असे उत्तर मिळाले होते. आता गोणपाट कुजले होते आणि एका पोत्यातून चक्क गवत उगवले होते. मी दोन्ही पोती परसात जास्वंदीच्या बुंध्याशी ओतली. सौभाग्यवतींनी मला प्रथमच घरकामाबद्दल शाबासकी दिली. अण्णा तेव्हा डोळ्याला हिरवी पट्टी बांधून आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते.

ब्रेक बसवायला दोन दिवस लागले. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांत नसतोच. गिअरबॉक्सच्या मागे, चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर त्याचा वेगळा छोटा ड्रम असतो. त्यामुळे मागची चाके मोकळी सापडतात आणि काम सोपे होते. नव्या जोडात तेलाने ढकलणारे जे छोटे सिलिंडर होते, ते आठ सुताचे निघाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मिस्त्रींनीच सांगितले. आठ सूत म्हणजे एक इंच. इंच नकाशातून नि शाळेतून गेला, पण सुताच्या रूपाने कारखान्यात टिकून आहे, याची मी वहीत नोंद केली. ती कधीतरी या सदरात आपल्यापुढे येईलच. त्या वेळी मला सुताचे महत्त्व तेवढेच वाटले.

मग नळ्यांतली हवा काढायचा कार्यक्रम. पायाचा दाब चाकापर्यंत पोचतो तो तेलातून. तेल दाबून आक्रसत नाही. म्हणून एका टोकाला दिलेला दाब दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा निघतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितले. पण नळीत हवेचा बुडबुडा शिरला की तो स्पंजासारखा आधी स्वतः दबतो नि पाय वाया जातो. मोटारीत तेलाचे ब्रेक आणणाऱ्यांत अग्रेसर माल्कम लॉकहीड. या घराण्याचे आडनाव मूळ वेगळ्या अक्षरांनी लिहीत. लोक ते धड उच्चारीनात म्हणून त्यांनी स्पेलिंगच बदलून टाकले. शुद्धलेखनावरून आयुष्यभर वाद घालणाऱ्या माझ्यासारख्याला हा मार्ग कधी सुचला नाही.

चिरंजीव इयत्ता आठवीत. तो पेडलवर, मिस्त्री चाकाखाली बाटली धरून. “दाब… धर… सोड.” सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात. बाटलीत बुडबुडे येत राहिले, आणि आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज, “जुनं तेल टाका सगळं. ते हवेतलं पाणी पितं. आमच्याकडे तर जास्तच पितं.” हेही खरे. पाणी प्यालेले तेल घाटात तापून उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा बुडबुडाच. सगळे तेल नवे भरले.

कोरड्या रस्त्यावर गाडी अशी थांबू लागली की मी कॉलेजात दोघा-तिघांना बळेच बसवून दाखवून आणले. इतिहासाचे प्राध्यापक उतरताना म्हणाले, “अहो, छान आहे, पण कपाळाला लागलं.” त्यांच्या कपाळात सगळा सिद्धांत होता. मला तो कळला नाही.

भाद्रपदातली गोष्ट. सकाळपासून झिमझिम चालू होती. चिरंजीवाला घेऊन मी पाटणच्या रस्त्याला निघालो होतो. हौदा रिकामा, रस्ता ओला, वेग चाळीसच्या आसपास. उसाच्या फडातून एक म्हैस निघाली आणि रस्त्याच्या मधोमध येऊन, म्हशी उभ्या राहतात तशी उभी राहिली. मी ब्रेक दाबला. खूप जोरात नव्हे. कोणीही दाबेल तसा.

पुढे काय झाले ते सांगायला वेळ लागतो, व्हायला लागला नाही. मागची चाके जागच्या जागी थिजली. आवाज थांबला. मग गाडीचा मागचा भाग, अगदी सावकाश वाटावे अशा रीतीने, माझ्या शेजारून पुढे यायला लागला. मी सुकाणू फिरवले. ते कोणाच्याच उपयोगाचे नव्हते. फड, म्हैस, आकाश, विजेचा खांब असे सगळे काचेतून एकामागोमाग सरकत गेले, आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या चिखलात एक धक्का खाऊन उभी राहिली. म्हैस तिथेच होती, आता आमच्या मागे.

चिरंजीव दोन्ही हातांनी दांडी धरून बसला होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. थोड्या वेळाने तो म्हणाला, “बाबा, आपण पाटणला चाललो होतो ना?”

गाडीचे तोंड कराडकडे होते.

समोरून एखादा ट्रक येत असता तर, हे वाक्य मी पुरे करणार नाही. त्या रात्री मी ते पुष्कळदा पुरे केले.

घरी आलो. पोराने आईला सांगू नये असे मला वाटत होते, आणि सांगू नको म्हणायची लाजही वाटत होती. अण्णा ओसरीवर काळा चष्मा लावून बसले होते. गाडीच्या आवाजावरून की आमच्या न बोलण्यावरून, त्यांना काहीतरी उमगले. मी सांगितले. त्यांनी म्हशीविषयी विचारले नाही, वेगाविषयी विचारले नाही. एवढेच म्हणाले,

“पोती होती ना मागं?”

मी जास्वंदीकडे पाहिले. तिला त्या वर्षी फुले छान आली होती.

“शहात्तर साली,” अण्णा म्हणाले, “पोफळीच्या वर, दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर. हौदा रिकामा, पाऊस असाच. शेपूट अशी फिरली, की कठड्याला टेकून थांबली. तुझी आई शेजारी होती. तिला म्हटलं, मुद्दाम वळवली, गाडी मागं न्यायची आहे. दुसऱ्या दिवशी नदीवरून वाळू भरली.”

“मग मला चिखलाचं का सांगितलंत?”

“खरं सांगितलं असतं तर तू बसला असतास त्या गाडीत? तुझी आई तरी बसली असती?”

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. मी सगळे सांगून टाकले, ‘बोजा मागे असतो’ या वाक्यासकट. त्यांनी खिशातून खडू काढला आणि हौद्याच्या फाळक्यावर लिहायला सुरुवात केली. मी विद्यार्थ्यासारखा खाली उभा.

सिलिंडरचा दट्ट्या किती जोराने ढकलतो, ते त्याच्या रुंदीच्या वर्गावर ठरते. मूळच्या जीपला कारखान्यातूनच पुढे आठ सुताचे आणि मागे सहा सुताचे सिलिंडर येतात. आठ आठे चौसष्ट, साही साही छत्तीस. म्हणजे पाय तोच, तेल तेच, पण मागच्या शूला पुढच्याच्या निम्म्याहून थोडा अधिक एवढाच जोर. “कंपनीला दोन सुतांचं लोखंड काय जड झालं होतं?” मिस्त्री म्हणाले. आम्ही मागे छत्तीसच्या जागी चौसष्ट बसवले, म्हणजे पावणेदोन पट. त्यावर ९ च्या जागी ११ इंची ड्रम. गुणाकार करून पाहा, मागचा ब्रेक पहिल्याच्या दुपटीहून कडक झाला होता. पुढचा होता तिथेच.

आणि कारखान्याने मागे जोर कमी का ठेवला, याचे उत्तर इतिहासाच्या प्राध्यापकांच्या कपाळावर होते. गाडी थांबू लागली की तिचा सगळा भार पुढच्या चाकांवर झुकतो. एसटीत उभे असलेले लोक ड्रायव्हरच्या दिशेने कोसळतात ते म्हणूनच. पुढची चाके जमिनीत रुततात, मागची उचलल्यासारखी हलकी होतात. त्यातून रिकामा हौदा. हलक्या चाकाला कडक ब्रेक लावला की ते फिरायचे थांबते आणि घसरते. आणि घसरणाऱ्या टायरला पुढे-मागे काय नि आडवे काय, सगळे सारखेच. पुढची चाके थिजली तर सुकाणू चालत नाही, पण गाडी निदान सरळ तरी जाते. मागची थिजली तर शेपूट डोक्याच्या पुढे जायला बघते. सायकल शिकताना मागचा ब्रेक दाबून चाक फरफटवायचा खेळ आपण सगळ्यांनी केलेला असतो. मीही केला होता. पण त्यावर चिंतन केले नव्हते.

अलीकडच्या मालवाहू गाड्यांत मागच्या ॲक्सलपाशी एक व्हॉल्व्ह असतो. बोजा किती आहे ते गाडी किती दबली यावरून ओळखून तो मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करतो. अण्णांनी उलट बाजूने तेच केले होते. त्यांना दाब बदलता येत नव्हता, म्हणून ते बोजा बदलत होते.

मग सगळे नव्याने. पुढेही ११ इंची ड्रम, आठ सुताचे सिलिंडर. मागे मोठे ड्रम ठेवले, कारण घाटात न तापणे हा त्यांचा गुण खराच होता; पण सिलिंडर सहा सुताचे. ते कुठून मिळवले ते मिस्त्रींनाच माहीत. तीन-चार गॅरेजे पालथी घातली म्हणाले, आणि प्लेटीला नवी भोके पाडून बसवले. चारही चाकांच्या रबरी नळ्या बदलल्या. या सगळ्यात माझा लेखनाच्या मानधनाचा वर्षाचा हिशेब बसला आणि वर थोडे सौभाग्यवतींकडून उसने घ्यावे लागले. एक गोष्ट राहून गेली आणि ती अजून मला टोचते. या गाडीत चारही चाकांना तेल एकाच वाटेने जाते. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम गेले. पुढच्या-मागच्या चाकांना दोन वेगळ्या वाटा देणारा सिलिंडर बसवता येतो. माझे मत विचाराल, तर ड्रमच्या आधी तेच करायला हवे होते. ते या वर्षी झाले.

वाळू चिरंजीवाने भरली. कृष्णेकाठच्या एका बांधकामावरून मागून आणली, नव्या पोत्यांत घातली, तोंडे शिवली आणि चाकांच्या बरोबर वर आडवी टाकली. ती सरकू नयेत म्हणून दोरीने आवळली. पाऊस पडत असताना मी रिकाम्या मैदानावर जाऊन दहा-बारा वेळा ब्रेक दाबून पाहिला. गाडी नाक खाली घालून सरळ थांबत होती. पहिल्या दोन वेळा मी डोळे मिटले होते.

वसुबारसेच्या सकाळी निघालो. अण्णा शेजारी, नवे चष्मे, मांडीवर फराळाचा डबा. मागे पोती, त्यावर चिरंजीवाचा किल्ल्याचा सामान म्हणून हट्टाने घेतलेला विटांचा ढीग. तोही वजनाला उपयोगीच. सौभाग्यवती नि चिरंजीव एसटीने पुढे गेले होते. हे त्यांनी आपणहून ठरवले, आणि मी काही म्हटले नाही.

पाटण गेले, कोयनानगर गेले. हेळवाकनंतर मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली. ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर, हे अण्णांनी अठराव्या वर्षी शिकवलेले. इंजिन धरून ठेवते नि ब्रेक गार राहतात. दरीत धुके होते. कडेला सोनकी फुललेली. पहिले वळण आले. मी ब्रेक दाबला, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले. अण्णांचा उजवा पाय चटईच्या भोकात दाबला गेला होता, माझ्याबरोबरच, किंबहुना क्षणभर आधी.

दुसऱ्या वळणावर तसेच. तिसऱ्यावर समोरून एसटी चढत होती. मी जरा जास्त दाबला, त्यांनीही. आम्ही दोघे मिळून ती गाडी उतरवत होतो. कोणी काही बोलत नव्हते. अर्ध्या घाटात एके ठिकाणी त्यांनी बाहेर बोट केले. “इथं,” म्हणाले. कठड्याचा एक दगड बाकीच्यांहून नवा दिसत होता. अर्थात तो आमच्याच गाडीमुळे बसवलेला असेल असे नाही.

त्यानंतर रस्ता ओला होता आणि माझे लक्ष पुढे होते. किती वळणे गेली ते मोजले नाही. पोफळीची पहिली घरे दिसायला लागली तेव्हा मी हात जरा सैल सोडले आणि शेजारी पाहिले. अण्णांनी चप्पल काढून ठेवली होती. उजवा पाय वर घेऊन डाव्या मांडीखाली मुडपला होता, आणि डब्याचे झाकण उघडून ते शंकरपाळे खात होते.